हिरव्या दोऱ्याची पुरचुंडी

आमच्या शिवणाच्या दुकानात एक खोटं दोन वर्षं चाललं, आणि ते चालवणाऱ्या दोघांपैकी एक मी होते. सगळं ऐकून झाल्यावर "मग तुम्ही आधी का नाही बोललात?" असं कुणी विचारणारच, म्हणून मीच ते सुरुवातीला सांगून टाकते. मला काही ते सांगायला आवडत नाही.

गोष्ट काजवाल्या मावशींची आहे. त्या कुणाच्याच मावशी नव्हत्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, भावंडं कुठे आहेत ते कुणाला ठाऊक नाही. तरी गल्लीतल्या म्हाताऱ्यांपासून शेंबड्या पोरांपर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणायचे. दुकानात एक कापायचं टेबल, दोन मशिनी आणि उंबऱ्याजवळ एक स्टूल. टेबलावर मास्तर कापायचे, मशीनवर मी, आणि स्टुलावर उजेडाकडे तोंड करून मावशी. त्या हातानं काजं करायच्या, बटणं लावायच्या. बेचाळीस वर्षं. मशीनवर काजं करून देणारे दहा जण मिळतील. आमच्याकडे गिऱ्हाईक यायचं ते मावशींच्या काजांसाठी. मास्तर म्हणायचे, "शर्टाच्या चिंध्या होतील, पण काज तसंच राहील." मावशी वर न बघता म्हणायच्या, "चिंध्या तुमच्या कापण्यामुळे होतील." नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत.

त्यांचा खरा लौकिक मात्र घरामागच्या हात-दोन हात जागेतला. तिथे मोडक्या छत्रीच्या काड्या रोवून केलेल्या कुंपणात सतापाचं झुडूप होतं. कमरेएवढं. पाला बारीक, करडा-निळसर, फुलं फिक्की पिवळी. दिसायला अगदी गरीब. पण पान चुरगळलं की जो वास सुटायचा तो दिवसभर हाताला चिकटून राहायचा आणि जिभेवर ठेवलं तर तोंड असं वाकडं व्हायचं की विचारू नका. फाटकाशी आलेल्या पोरांना मावशी लांबूनच ओरडायच्या, "हात लावशील आणि उन्हात जाशील तर भाजून निघशील!" पोरांना ती थाप वाटायची. ती थाप नव्हती. सतापाचा रस अंगाला लागून वर ऊन पडलं की कातडीला फोड येतात, आणि फोड गेले तरी डाग राहतात. मावशींच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत तसले तपकिरी डाग होते. "या झाडाची ओळख हवी असेल तर माझे हात बघा," असं त्या म्हणायच्या, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा मुळीच हसरा नसायचा.

त्या झाडावर गल्लीचा विश्वास होता. तान्ह्या बाळाची छाती भरली की मावशी एक पान तव्यावर गरम करून फडक्यात बांधून शेकायला द्यायच्या. कान ठणकला की तेलात पाला कढवून त्याचा बोळा. पोरांना जंत झाले, पोटात मुरडा आला की चिमूटभर पाला, कुणाला आकडी आली की उशाशी डहाळी. आणि बायकांचे दिवस लांबले, अंगावर जायचं थांबलं, की वाळवलेल्या पाल्याचा काढा. हे शेवटचं औषध मावशी सहजासहजी देत नसत. समोर बसवायच्या, डोळ्याला डोळा लावून विचारायच्या. पाळी कधीची? मळमळतं का? घास नको वाटतो का? नवरा घरी असतो का? फौजदार परवडला. जराही शंका आली तर हात जोडून सांगायच्या, "आधी डॉक्टरकडे जा, पोटात काही नाही असं लिहून आण, मग देते."

एकदा एक मुलगी तोंडाला रुमाल लावून आली होती. ती आमच्या गल्लीतली नव्हती. काय हवंय ते तिला बोलता येईना, पण मावशींनी ओळखलं. तिला दिलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. चपला घातल्या आणि तिच्याबरोबर दवाखान्यात जाऊन बसल्या. त्या दिवशीची काजं मी केली, आणि वाईट केली.

एवढी भीती त्यांना का, ते मला फार उशिरा कळलं. त्यांची आई सुईण होती. बाळंतपणं करायची, सताप लावायची, द्यायची. मावशी चौदा वर्षांच्या असताना शेजारच्या एका बाईनं आई घरात नाही असं बघून झाडाचा सगळा पाला ओरबाडून नेला आणि उकळून प्यायली. तिला पाचवं मूल नको होतं. आई परत आली तेव्हा ती बाई अंगणात पडलेली होती, ओठ कोरडे, पोट धरून. दोन दिवस ती गेली नाही आणि बरीही झाली नाही. तिसऱ्या दिवशी गेली. आईनं झाड मुळासकट उपटलं, अंगणातच पुरलं, आणि त्यानंतर कुठल्याच बाळंतिणीला हात लावला नाही. मावशींनी उपटलेल्या झाडाची एक फांदी लपवून ठेवली होती. "का ठेवली असेन गं?" त्या मला विचारायच्या. "त्यात माझ्या आईची सगळी विद्या होती ना. पण ती बाईही होतीच त्यात."

म्हणून त्यांनी पुरचुंड्यांची रीत काढली. दुकानातल्या कातरणीतले पांढरे तुकडे न्यायच्या, त्यात वाळवलेला पाला चुरून बांधायच्या. गर्भारशीला मळमळ थांबवायला पुदिना आणि बडीशेप, त्याला हिरवा दोरा. लांबलेल्या पाळीला सताप, त्याला निळा दोरा. दोन्ही पुरचुंड्या एकाच पत्र्याच्या डब्यात असायच्या. आतलं दिसू नये आणि निळ्या दोऱ्याचा अर्थ कुणाला कळू नये, म्हणजे कुणी आपलं आपण उचलून नेणार नाही, असा त्यांचा हिशोब. दोऱ्यांचं गुपित त्यांना आणि मला, दोघींनाच ठाऊक होतं. एका डब्यात राहून सगळ्यांनाच सतापाचा वास लागलेला असायचा. मावशींच्या हातांना, पदराला, चहाच्या कपालासुद्धा तोच वास. गल्लीत तर लोक म्हणायचे, कडू लागलं म्हणजे मावशींचं औषध अस्सल आहे.

आता त्या खोट्याबद्दल.

दोन वर्षांपूर्वी शाळेचे चोवीस आकाशी शर्ट आले होते. मावशींनी चार दिवसांत काजं करून गठ्ठा माझ्या पुढ्यात टाकला. मी वरचा शर्ट उघडला. सगळी काजं फिक्क्या हिरव्या दोऱ्यानं केलेली. टाके एकाहून एक, सरळ, घट्ट, बघत राहावेत असे. फक्त दोरा हिरवा. मावशी पलीकडे बिनचष्म्यानं बारीक सुईत दोरा ओवत होत्या आणि म्हणत होत्या, "तुम्ही सगळे चष्मे लावा. माझी नजर या वयात उलट सुधारलीये."

मी तो शर्ट मास्तरांना दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला, घडी घातली आणि हळूच म्हणाले, "बाई, जेवणाच्या सुट्टीत उसवा. त्यांना कळू देऊ नका. हाय खातील."

मावशी दुपारी घरी जेवायला आणि झाडांना पाणी घालायला जायच्या. त्या तासाभरात आठवडाभर मी काजं उसवली आणि नव्यानं केली. मग मास्तरांनी युक्ती काढली. गठ्ठ्यावर ते स्वतःच योग्य रंगाचं रीळ ठेवायला लागले. "मावशी, हे घ्या, तुमच्यासाठी काढून ठेवलंय." मावशी खूश. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणी त्यांना रीळ काढून देत होतं. म्हातारपणाचा मान वाटला असेल. कधी चुकलंच तर मी होतेच. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मास्तर म्हणायचे आणि मी हसायचे. खरंच सांगते, मला त्यात पुण्य वाटायचं. एका बाईचं आयुष्यभराचं कसब आम्ही दोघांनी जपलंय, असं वाटून संध्याकाळी घरी जाताना मी ताठ चालायचे.

दुकानात आम्ही रीळ निवडून देत होतो. घरी पुरचुंड्यांना दोरा कोण निवडून देत होतं, हा प्रश्न मला दोन वर्षांत एकदाही पडला नाही. माझ्या डोळ्यांना काही झालं नव्हतं, तरीही.

माझी एकुलती एक मुलगी ठकी. तिचं खरं नाव तिच्या नवऱ्यालाही आठवून सांगावं लागतं. तीन वर्षांपूर्वी सासरी असताना तिचं एक मूल तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. त्यानंतर काही राहिलंच नाही. ती बोलायची नाही, पण दुसऱ्यांची बाळं घ्यायची सोडून दिली होती. या वर्षी पुन्हा दिवस गेले. जावई लांबच्या गाड्यांवर ड्रायव्हर, आठ-आठ दिवस बाहेर. म्हणून मी तिला माझ्याकडे आणलं. चौथा महिना लागला आणि मी मनातल्या मनात श्वास सोडला. मळमळ मात्र काही केल्या थांबेना. पाणीसुद्धा पोटात ठरायचं नाही. डॉक्टरांच्या गोळ्या घेतल्या की झोप यायची, म्हणून ती टाळायची.

"मावशींकडून घेऊन ये ना काहीतरी," ती मला म्हणाली. मी म्हटलं, आणते. त्या आठवड्यात कामाचा डोंगर होता, मी विसरले. ती स्वतःच गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मला कात्री विसरली म्हणून घरी यावं लागलं. ठकी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. चेहरा पांढरा. समोर रिकामा पेला, तळाशी काळसर गाळ. ओट्यावर सोडलेली पुरचुंडी पडली होती आणि तिच्या शेजारी दोऱ्याचं वेटोळं.

दोरा निळा होता.

"हे काय घेतलंस?"

"मावशींनी दिलंय. म्हणाल्या, ही तुझी. सकाळ-संध्याकाळ." तिनं ओठ पुसले. "कडू जहर आहे गं आई. पण मी नाक दाबून संपवते."

"कधीपासून?"

"परवापासून." मग जरा थांबून, "कालपासून पोटात ओढ लागल्यासारखं होतंय. तू घाबरशील म्हणून बोलले नाही."

मी तो गाळ बोटावर घेऊन जिभेला लावला. पुदिना नव्हता, बडीशेप नव्हती. मी तिला उठवलं तर खाली फरशीवर रक्ताचा ठिपका. एकच. ठकीनं तो बघितला आणि माझ्याकडे बघितलं. तिला काहीही विचारायचं नव्हतं, तिला ते आधी एकदा येऊन गेलेलं होतं.

दवाखान्यातली डॉक्टरीणबाई वयानं माझ्याएवढी, कमी बोलणारी. तिनं ठकीला आत घेतलं आणि मला दारातच विचारलं, "काय घेतलंय?"

मी सांगितलं. सताप. किती, कधीपासून, कसा. एक शब्द लपवला नाही.

"लांबलेल्या पाळीसाठी देतात तो? गरोदर बाईला? कुणी दिला?"

"देणारीला तो द्यायचाच नव्हता. तिला दोऱ्याचा रंग कळला नाही."

तिनं पेन खाली ठेवलं. "मोतीबिंदू असेल. कधी कधी सुरुवातीला जवळचं छान दिसायला लागतं, माणसाला वाटतं नजर सुधारली. पण रंग जातात. निळ्या-हिरव्यात काही फरक राहत नाही." आणि ती आत गेली.

मळमळ, काढा, रक्त. आता फक्त वाट बघायची. बाळाचे ठोके लागत होते, पण रक्त थांबलं नव्हतं. दोन दिवस तिला उशीशिवाय झोपवून ठेवलं, खाटेची पायथ्याची बाजू वर करून. डॉक्टरीणबाई येऊन तिच्या पोटावर ते यंत्र टेकवायची आणि खोलीत खरखर व्हायची. त्या खरखरीत ठोका सापडेपर्यंत मी खाटेची कड धरून उभी असायचे. कधी चटकन सापडायचा, कधी ती यंत्र सरकवत राहायची, सरकवत राहायची, आणि ठकी छताकडे बघत ओठ चावायची. माझा जीव असा टांगणीला कधी लागला नव्हता. दोन दिवसांत ठकी मला एकदाच काही बोलली. "आई, मावशींनी मुद्दाम नाही ना दिलं?"

"नाही गं."

"मग असं कसं झालं?"

मी तिचं पांघरूण सारखं केलं. मूग गिळून बसायची मला सवयच लागली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी रक्त थांबलं. डॉक्टरीणबाईनं यंत्र टेकवलं, ठोका लगेच सापडला, भरभर, घाईत असल्यासारखा. ती म्हणाली, "धरून राहिलंय. आता तुम्हीही धरून राहा." मी खोलीबाहेर येऊन भिंतीशी बाकावर बसले आणि तोंडावर पदर धरून रडले.

डोळे पुसते तर समोर मावशी. पायी आलेल्या, घामानं डबडबलेल्या. गल्लीत त्यांना एवढंच कळलं होतं की ठकी दवाखान्यात आहे.

"कशी आहे पोर? अगं मला कुणी सांगितलंच नाही. मास्तर तर तोंड चुकवतोय." त्या माझ्याशेजारी बसल्या आणि पिशवीतून एक पुरचुंडी काढली. "संपली असेल तिची. नवी आणलीये. पोटाला आराम पडेल."

मी ती हातात घेतली. निळा दोरा. एक क्षण वाटलं, पुन्हा गप्प बसावं. पुरचुंडी पिशवीत टाकावी, 'देते' म्हणावं, घरी जाऊन जाळून टाकावी. मास्तरांनी तेच केलं असतं. मीही दोन वर्षं तेच केलं होतं.

"मावशी, हा दोरा कोणत्या रंगाचा?"

"हिरवा."

"निळा आहे."

त्या हसल्या. "माझं आयुष्य दोऱ्यात गेलं, आणि तू मला रंग शिकवतेस?"

मी पुरचुंडी त्यांच्यापुढे धरली. त्यांचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी पुरचुंडी माझ्या हातातून घेतली, खिडकीशी गेल्या, उजेडात धरली, जवळ आणली, लांब नेली. तेवढ्यात एक नर्स ट्रे घेऊन चालली होती. मावशींनी तिला थांबवलं. "बाई, जरा सांगता का, हा रंग कोणता?"

"निळा," नर्स म्हणाली आणि पुढे गेली.

मावशी खिडकीशीच उभ्या राहिल्या. पाठमोऱ्या. मग त्यांनी विचारलं, "ठकीनं हे घेतलं?"

"हो. बाळ आहे. आज सकाळी सांगितलं, धरून राहिलंय."

त्यांनी खिडकीच्या गजाला हात लावला. "आणि तुला कसं ठाऊक, मला रंग दिसत नाही ते?"

मग मी सगळं सांगितलं. आकाशी शर्ट. जेवणाची सुट्टी. गठ्ठ्यावर ठेवलेली रिळं. मास्तर आणि मी. मावशी मला मारतील असं वाटत होतं, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "आंधळं दळतंय, आणि तुम्ही पिठात हात घालून गंमत बघत होतात."

"गंमत नव्हती मावशी. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील."

"दोन वर्षं." त्या बाकावर बसल्या. तोंडानं पुटपुटायला लागल्या. आधी मला वाटलं, स्वतःला काही समजावतायत. मग ऐकू आलं. त्या घरं मोजत होत्या. कोपऱ्यावरच्या न्हाव्याची बहीण, तिला निळी दिली होती, म्हणजे चुकून फार तर पुदिना गेला असेल, काही बिघडलं नाही. बेकरीवाली, तिला हिरवी, तिचा मुलगा छान आहे, तिला बरोबर गेली. शाळेतल्या बाई, हिरवी, मुलगी झाली. त्या एकेक बोट दुमडत होत्या आणि मीही त्यांच्याबरोबर मोजत होते. आणि मग त्या थांबल्या. करंगळी दुमडायची राहिली.

"घड्याळवाल्याची सून," त्या म्हणाल्या.

मी आधीच तिच्यापाशी पोहोचले होते. गेल्या वर्षी, पाचव्या महिन्यात तिचं मूल गेलं होतं. सगळी गल्ली म्हणाली होती, नशीब. मावशी आठ दिवस रोज तिच्याजवळ जाऊन बसल्या होत्या, तिचे केस विंचरत होत्या.

"कशावरून मावशी? डॉक्टरनं काही सांगितलं होतं का तसं? उगीच का तिच्या जखमेवरची खपली काढायची?"

"चल," त्या उठल्या. "एकटीला जमणार नाही मला."

घड्याळवाल्याचं घर दवाखान्यापासून दहा मिनिटांवर. मावशी एकदाही कुठे थांबल्या नाहीत. भर दुपार होती. वाटेत दोघा-तिघांनी त्यांना "मावशी" म्हणून हाक मारली. त्यांनी कुणाला उत्तर दिलं नाही. मी वाटेत तीनदा म्हटलं, उद्या येऊ. सुनेनं दार उघडेपर्यंत मला आशा होती की ती घरी नसेल.

ती घरी होती. हातात पुसायचं फडकं, केस वर बांधलेले. मावशींना बघून तिचा चेहरा उजळला. "या ना! ठकी कशी आहे हो?"

"बरी आहे. बाळ आहे," मी म्हणाले.

"बरं झालं बाई. एकीचं तरी राहिलं." ती हसायचा प्रयत्न करत म्हणाली आणि मावशींचा हात धरून त्यांना आत ओढू लागली. "बसा. मी सासूबाईंना नेहमी सांगते, तेव्हा मावशी होत्या म्हणून मी उठून उभी राहिले. शेवटचे दिवस किती वाईट होते, आठवतं ना? पाणी पोटात राहत नव्हतं. तुमच्या पुरचुंडीनं तेवढी मळमळ थांबली होती."

मावशी उंबऱ्यातच उभ्या होत्या. "पोरी," त्यांनी विचारलं, "ती कडू होती का गं?"

"कडू? जहर होती! ह्यांना वास सहन व्हायचा नाही. मी डोळे मिटून घ्यायचे. म्हटलं, मावशींचं औषध आहे, कडूच असणार."

मावशींनी तिचा हात सोडला नाही. त्यांनी तिला सांगितलं. उभ्या उभ्या, सरळ, एकेका वाक्यात. हिरव्या दोऱ्याला काय असतं, निळ्याला काय असतं, तिला काय द्यायचं होतं आणि काय गेलं. माझे डोळे गेलेत आणि मला ते माहीत नव्हतं, हेही सांगितलं. 'कदाचित' म्हणाल्या नाहीत, 'असेल' म्हणाल्या नाहीत. सगळं सांगून होईपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

ती ऐकत राहिली. हातातलं फडकं तिनं आधी एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं, मग खाली ठेवलं. मला वाटलं, आता ही किंचाळेल, मावशींना ढकलेल, दार आपटेल. तिनं मावशींकडे बघितलंच नाही. तिनं माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही तर रोज त्यांच्याबरोबर बसता," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

मावशी मान वळवून माझ्याकडे बघू लागल्या. त्या दोघींना उत्तर हवं होतं, आणि माझ्याकडे एकच होतं.

"शर्टांचं माहीत होतं," मी म्हणाले.